तटाला टेकलेल्या भट्ट्या

वेल्सच्या दक्षिणेला, न्यूपोर्ट शहराला लागून, अस्क नदीच्या काठी कार्लीअन नावाचं गाव आहे. रोमन काळात इथे 'इस्का' हा लिजनचा, म्हणजे सुमारे पाच हजार सैनिकांच्या रोमन पलटणीचा, किल्ला होता. गावाच्या कडेला प्रिस्ग फील्ड नावाचं मैदान आहे आणि तिथे सैनिकांच्या बराकींचे पाये उघडे ठेवले आहेत. बराकींची रांग संपते आणि मातीचा तट सुरू होतो, तिथे तटाच्या आतल्या अंगाला दगडांची गोल बांधकामं दिसतात. फार उंच नाहीत, वरचे घुमट कधीच ढासळले आहेत. या पाव भाजायच्या भट्ट्या. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्या पेटत होत्या.

कार्लीअनला येणारे बहुतेक लोक जवळच्या अँफिथिएटरकडे वळतात. ते साहजिकच आहे, ते भव्य आहे. पण रोमन सैन्य दिवसभर कसं जगत होतं हे ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याने या भट्ट्यांपाशी जास्त वेळ थांबावं असं मला वाटतं. लढाई सैनिकाच्या आयुष्यात क्वचित येते. कित्येक सैनिक २५ वर्षांच्या नोकरीत मोजक्याच लढाया पाहत असतील. जेवण मात्र रोजचं. आणि ते कोण शिजवतं, कुणाबरोबर खाल्लं जातं, धान्य कुठून येतं, जळण कोण आणतं, या सगळ्याच्या खुणा भट्टीच्या आसपासच्या मातीत उतरतात.

इस्काची उभारणी इ.स. ७५च्या सुमारास झाली. ब्रिटनचा तेव्हाचा गव्हर्नर सेक्स्टस यूलियस फ्रॉन्टिनस. वेल्समधल्या सिल्युरेस जमातीला त्याने नमवलं आणि दुसरी ऑगस्टा लिजन इथे कायमची आणून बसवली. (हाच फ्रॉन्टिनस पुढे रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला.) किल्ल्याचा विस्तार सुमारे ५० एकर, आत राहणारी माणसं पाच हजारांच्या वर. लिजनची रचना ठरलेली असे. आठ जणांची एक तुकडी, तिला काँटुबेर्निअम म्हणत. मोहिमेवर हे आठ जण एका तंबूत झोपत आणि किल्ल्यात बराकीतल्या दोन खोल्यांत राहत. अशा दहा तुकड्या मिळून ८० जणांची एक सेंच्युरी, तिच्यावर एक सेंच्युरियन. एका सेंच्युरीला एक लांब बराक, टोकाला सेंच्युरियनचं ऐसपैस घर.

ही रचना लक्षात ठेवली की भट्ट्यांची जागा एकदम बोलू लागते. त्या मनाला येईल तिथे बांधलेल्या नाहीत. बराकींच्या टोकापलीकडे, तटाच्या पायाशी त्या ओळीने येतात. बराकींचा आणि भट्ट्यांचा मेळ बसतो, म्हणजे ढोबळमानाने एका सेंच्युरीला एक भट्टी. हजारो माणसांच्या या किल्ल्यात सामाईक भोजनगृह नव्हतं. सगळ्यांचं एकत्र शिजवणारा मोठा मुदपाकखानाही नव्हता. सेनापतीचं निवासस्थान, मुख्यालय, रुग्णालय, धान्यकोठारं, स्नानगृह, कार्यशाळा, सगळं मिळतं, पण हजार जणांची पंगत बसेल असं दालन कुठल्याच लिजनच्या किल्ल्यात सापडलेलं नाही. आजच्या लष्करी मेसची सवय असलेल्या आपल्याला हे विचित्र वाटतं. जगातलं त्या काळचं सर्वांत शिस्तबद्ध सैन्य जेवणाच्या बाबतीत मात्र आठ-आठ जणांच्या बिऱ्हाडांत वाटलेलं होतं.

भट्ट्या तटालाच का चिकटवल्या? पहिलं कारण आग. इस्काच्या सुरुवातीच्या बराकी लाकडाच्या होत्या, कुडाच्या भिंतींच्या. पुढे दुसऱ्या शतकात त्यांची जागा दगडी बांधकामाने घेतली. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या अशा बराकींच्या मध्ये रोज तासन्‌तास आग पेटवणं म्हणजे शत्रूचं काम आपणच करणं. तटाच्या आतून किल्ल्याभोवती एक रस्ता फिरे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी सोडलेली असे. बाहेरून फेकलेले जळते भाले बराकींपर्यंत पोहोचू नयेत आणि धोका उद्भवला की सैनिकांना धावत तट गाठता यावा, ही त्या पट्टीची योजना. शांततेच्या दिवसांत हीच जागा भट्ट्यांना सोयीची. ठिणगी उडाली तरी पेट घेण्यासारखं जवळ काही नाही.

दुसरं कारण उष्णतेचं. तटाच्या मागच्या उतारात भट्टी अर्धी खोदून बसवली की पाठीला आणि बाजूंना मातीचा जाड थर आयता मिळतो. माती उष्णता हळू वाहून नेते, त्यामुळे भट्टी लवकर निवत नाही आणि जळण वाचतं. पाच हजार माणसांच्या वस्तीत जळण ही छोटी बाब नव्हती. किल्ल्याभोवतीचं रान पहिल्या काही वर्षांतच विरळ होऊ लागलं असणार, मग लाकडासाठी लांब जाणं आलं.

अशा भट्टीची बांधणी साधी असते. एक ते दोन मीटर व्यासाचा गोल, तळाला दगडी फरशा किंवा भाजक्या विटांचे तुकडे, भोवती दगड आणि माती, वर मातीचा घुमट, समोर एकच तोंड. धुराडं नाही. धूरही त्याच तोंडातून बाहेर पडतो आणि हवाही तिथूनच आत येते. भट्टीच्या आतच लाकडं पेटवायची. तास-दोन तास आग चालली की घुमटाच्या आतल्या बाजूला आधी काजळी धरते, आणि तापमान साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ती काजळी जळून जाते आणि घुमट पुन्हा उजळ दिसू लागतो. थर्मामीटरशिवाय काम करणाऱ्या माणसाला एवढी खूण पुरते. मग निखारे आणि राख ओढून बाहेर काढायची, तळ ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, पाव आत सरकवायचे आणि तोंड फळीने किंवा दगडाने बंद करायचं. गोव्यातल्या पोदेराची लाकडावरची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको.

पाव भाजला जातो तेव्हा आग विझलेली असते, हे या तंत्राचं मर्म. भिंतींनी आणि तळाने शोषून ठेवलेली उष्णता तीन वाटांनी पिठापर्यंत येते. तापलेल्या तळाला पाव थेट टेकलेला असतो, तिथून उष्णता वर चढते आणि खालचं कवच कडक होतं. घुमट सर्व बाजूंनी उष्णतेचे किरण फेकतो, त्याने वरचा भाग तांबूस होतो. आणि तोंड बंद असल्यामुळे पिठातून निघालेली वाफ आतच कोंडते. ही वाफ पावाचा पृष्ठभाग काही मिनिटं मऊ ठेवते, तेवढ्यात पाव फुगून घेतो, आणि मगच वरचा थर वाळून घट्ट होतो. तापमान हळूहळू उतरत जातं. पाव काढल्यानंतरही भट्टीत बरीच धग उरते. मंद आचेवर मांस शिजायला किंवा दुसऱ्या दिवशीची ओली लाकडं वाळायला ती सोयीची.

आता थोडा हिशेब. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की रोमन पायदळातल्या सैनिकाला महिन्याला अ‍ॅटिक मापाचे दोन तृतीयांश मेडिम्नस गहू मिळत. एवढा गहू सुमारे ३५ लिटर भरे, म्हणजे अंदाजे २७ किलो. रोजचे ९०० ग्रॅम. ८० जणांच्या सेंच्युरीला दिवसाला ७२ किलो गहू. इ.स.च्या पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी एक उपयोगी गोष्ट नोंदवून ठेवतो: सैनिकी पाव भाजून झाला की त्याचं वजन मूळ धान्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त भरतं, कारण पीठ पाणी धरून ठेवतं. सगळ्या गव्हाचा पाव केला असं मानलं तर ७२ किलोचे ९६ किलो झाले. किलोकिलोचे पाव धरले तर शंभराच्या जवळपास. दीड मीटर व्यासाच्या भट्टीचा तळ पावणेदोन चौरस मीटरचा, वीतभर रुंदीचे गोल पाव त्यात एका खेपेला तीस-पस्तीस मावतील. म्हणजे तीन खेपा. एका सेंच्युरीला एक भट्टी पुरते, पण ती दिवसातला बराच वेळ गुंतलेली राहते. हा आकडा मी पॉलिबियस, प्लिनी आणि भट्टीचा आकार यांवरून मांडलेला अंदाज आहे. तरी तटापाशी उघड्या पडलेल्या भट्ट्या आणि बराकी यांचं प्रमाण त्याच्याशी जुळतं हे मला फार समाधान देणारं वाटतं. सगळ्या किल्ल्याचा हिशेब केला तर रोज साडेचार टनांच्या पुढे गहू लागे, वर्षाला दीड हजार टनांहून अधिक.

कोठारातून सैनिकाला मिळे तो गहू, पीठ नव्हे. दळणाचं काम त्याच्याच माथी. प्रत्येक आठ जणांच्या तुकडीकडे एक हातजातं असे आणि मोहिमेवर ते खेचरावर लादून नेलं जाई. जर्मनीतल्या सालबुर्ग किल्ल्यावर सापडलेल्या जात्याच्या एका तळीवर ते रुस्तियसच्या तुकडीचं असल्याचं कोरलेलं आहे. ऱ्हाइन नदीजवळच्या मायेन इथला बसाल्ट या जात्यांसाठी विशेष पसंतीचा होता. ज्वालामुखीचा हा दगड बारीक छिद्रांनी भरलेला असतो, त्यामुळे तो झिजला तरी नवनव्या धारा उघड्या पडत राहतात आणि जातं गुळगुळीत होत नाही. हे दगड समुद्र ओलांडून ब्रिटनपर्यंत गेले.

मग पाव भाजणारा कोण? इथे एक कायदेशीर यादी कामाला येते. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित तारुंतेनस पातेर्नस याने कष्टाच्या कामांतून सूट मिळणाऱ्या सैनिकांची यादी दिली आहे, ती पुढे सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात टिकली. यादीत वैद्य आहेत, पशुवैद्य आहेत, भूमापक, लोहार, कौलं बसवणारे, शिंगं वाजवणारे, चुना भाजणारे, लाकूड तोडणारे आणि कोळसा पाडणारेही आहेत. खाटीक आहेत, शिकारी आहेत. पाववाला नाही, स्वयंपाकी नाही. तेव्हा सरळ अर्थ असा निघतो की भाजायचं काम आळीपाळीने साधे सैनिकच करत. कार्लीअनमध्येच पिठावर उमटवायचा एक शिक्का मिळाला आहे, त्यावर क्विंटिनियस अ‍ॅक्विला याच्या सेंच्युरीचं नाव आहे. भट्टीत गेलेले पाव कुणाचे याबद्दल नंतर वाद नको, हा त्याचा उपयोग. ज्या सैन्यात पगारातून जेवणाचे पैसे कापले जात तिथे अशी काटेकोर नोंद लागणारच. इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स. ८१च्या पपायरसवर एका सैनिकाचा हिशेब आहे: पगाराच्या एका हप्त्यातल्या २४८ द्राख्मांपैकी (द्राख्मा हे तिथलं नाणं) ८० जेवणापोटी वजा. जवळजवळ तिसरा हिस्सा.

रोमन सेनापतींच्या दृष्टीने पाव हा शिस्तीचा विषय होता. इ.स.पू. १३४मध्ये स्किपिओ एमिलियानस स्पेनमधल्या नुमांतियाच्या वेढ्यावर आला तेव्हा सैन्य सुखासीन झालं होतं. त्याने फर्मान काढलं की प्रत्येकाने स्वयंपाकासाठी एक सळई, एक पितळी भांडं आणि एक पेला एवढंच जवळ ठेवावं. इ.स.पू. १०९मध्ये आफ्रिकेत जुगुर्था राजाविरुद्ध लढायला गेलेल्या सेनापती मेतेलसला दिसलं की सैनिक आपल्या वाट्याचा गहू विकतात आणि बाजारातून रोजचा तयार पाव विकत घेतात. त्याने छावणीत पाव आणि शिजवलेलं अन्न विकायला बंदीच घातली. स्वतःचं दळून, मळून, भाजून खाणारा सैनिक कोठारापासून लांब गेला तरी उपाशी राहत नाही, हा त्यामागचा विचार. युद्धात कच खाणाऱ्या तुकड्यांना शिक्षा म्हणून गव्हाऐवजी बार्ली देत, म्हणजे घोड्यांचं धान्य. आणि तिसऱ्या शतकात सम्राट काराकालाला सैनिकांचं प्रेम हवं होतं तेव्हा तो स्वतःच्या हाताने आपल्या वाट्याचं धान्य दळायचा, त्याची भाकरी थापायचा आणि निखाऱ्यावर भाजून खायचा, असं इतिहासकार हेरोडियन लिहितो. सैनिकांना जिंकायला सम्राटाला हीच कृती सुचली, यातच तिचं मोल कळतं.

पावाखेरीज इतरही खाणं होतं आणि ते बहुधा बराकीतल्या चुलीवर शिजे. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा या रोमन किल्ल्यात १९७३पासून शाईने लिहिलेल्या लाकडी पातळ पट्ट्या सापडत आल्या आहेत. त्यांत बार्ली, बिअर, द्राक्षमद्य, माशांचा आंबवलेला रस्सा, डुकराची चरबी यांचे हिशेब आहेत. एका पत्रात चांगली मिळाली तर शंभर सफरचंदं आणि भाव रास्त असेल तर शंभर-दोनशे अंडी आणायला सांगितलं आहे. दुसऱ्या एका यादीत मिऱ्यांचा खर्च लिहिलेला आहे. रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेवर एका साध्या सैनिकाच्या खात्यावर चढलेली ही मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेली. स्कॉटलंडमध्ये बेअर्सडेन इथे तर संडासातून खंदकात वाहून आलेला मैलाच पाण्याखाली टिकून राहिला होता. त्यात गव्हाचा कोंडा भरपूर निघाला, शिवाय अंजिराच्या बिया, धणे, खसखस, रानटी फळं, आणि आतड्यातल्या कृमींची अंडीही. कोलेस्टेरॉलचं प्रमाण अगदी कमी होतं, म्हणजे हे सैनिक मुख्यतः धान्य आणि भाजीपाल्यावर जगत. मांस मिळे, पण पोट भरायचं ते गव्हाने.

आता भट्टीच्या मातीकडे. शेकडो वर्षं पुरलेली भट्टी ओळखतात कशी? पहिली खूण रंगाची. मातीत लोहाची खनिजं असतात. हवा खेळती असताना माती तापली की त्यांचं हेमटाइट या लाल लोहखनिजात रूपांतर होतं आणि माती लाल होते. राखेखाली दबलेल्या, हवा न मिळालेल्या जागी ती करडी किंवा काळी पडते. उभा छेद घेतला की तळाशी भडक लाल पट्टा, खाली फिकट होत गेलेला तपकिरी आणि मग मूळ माती, असे थर दिसतात. लाल थर किती खोल गेला आहे त्यावरून भट्टी किती तापली आणि किती वेळा तापली याचा अदमास येतो. तोंडासमोर पसरलेला राखेचा ढीग ही दुसरी खूण. या ढिगात जळालेले दाणे, फोलपटं आणि कोळशाचे तुकडे मिळतात. कोळशाचा ताजा तुटलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशींच्या रचनेवरून ओक, हेझल की आल्डर हे सांगता येतं. फांद्या बारीक होत्या की जाड खोड चिरलं होतं हेही वर्तुळांच्या वाकावरून कळतं. दाण्यांमध्ये ब्रिटनमध्ये वारंवार भेटतो तो स्पेल्ट गहू. आपल्या खपलीसारखाच हा सालपट घट्ट धरून बसणारा गहू आहे. तो कांडून सोलावा लागतो, आणि सोलून उरलेली फोलपटं भट्टी पेटवायला वापरलेली आढळतात.

सगळ्यात विलक्षण आहे ती चुंबकीय खूण. मातीतल्या मॅग्नेटाइट आणि हेमटाइट या लोहखनिजांच्या कणांना स्वतःचं चुंबकत्व असतं. मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या आणि हेमटाइट सुमारे ६७५ अंशांच्या वर तापलं की ते पुसलं जातं. माती निवताना हे कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि तशीच गोठवून ठेवतात. त्याहून कमी तापलेल्या थरातही दिशेची अंशतः नोंद होते. आता, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र स्थिर नाही. लंडनमध्ये १५८०च्या सुमारास होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला झुकत होती, १८२०च्या आसपास ती २४ अंश पश्चिमेला गेली होती. हा फिरता मार्ग ब्रिटनसाठी बराच मागेपर्यंत आखून झाला आहे. भट्टीच्या तळातून नमुना काढण्याआधी त्याची दिशा अचूक नोंदवायची, प्रयोगशाळेत त्यातलं चुंबकत्व मोजायचं आणि त्या आलेखाशी ताडून पाहायचं. मिळते ती तारीख भट्टी बांधली त्या दिवसाची नसते, ती शेवटची निवली तेव्हाची असते. अर्थात ती एखाद्या वर्षावर बोट ठेवत नाही, काही दशकांचा पल्ला देते. तरीही एका भट्टीत शेवटची आग कधी विझली हे मातीकडूनच कळावं, हे मला पुरातत्त्वातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

याच चुंबकत्वामुळे भट्ट्या न खोदताही शोधता येतात. जमिनीवरून मॅग्नेटोमीटर हे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र फिरवलं की भाजलेली माती आसपासच्या मातीपेक्षा ठळक उठून दिसते. कार्लीअनमध्ये कार्डिफ विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात प्रायरी फील्ड या न खोदलेल्या भागाचं असं सर्वेक्षण केलं. इमारतींचे नकाशे फावडं न लावता हाती आले आणि मग नेमक्या जागी उत्खनन झालं.

प्रिस्ग फील्डचं उत्खनन यापेक्षा फार आधीचं, १९२७ ते १९२९मधलं, व्ही. ई. नॅश-विल्यम्स यांचं. तेव्हा पाया, भिंत, नाणं, शिलालेख यांवर सगळा भर होता. राख पाण्यात घोळवून तरंगणारे दाणे वेचायची पद्धत १९६०च्या दशकात रूढ झाली. म्हणून प्रिस्ग फील्डच्या भट्ट्यांचा आकार आणि जागा आपल्याला नीट ठाऊक आहे, पण त्यांच्यासमोरच्या राखेतून आज जेवढं वाचता आलं असतं त्याचा बराच भाग हातचा गेला. याची हळहळ वाटते, दोष मात्र देता येत नाही. आज आपण जे टाकून देतो त्यातही उद्याच्या संशोधकाला काही दिसणार आहे.

त्याआधीच्या वर्षी, १९२६-२७मध्ये, कार्लीअनचं अँफिथिएटर खोदलं गेलं ते मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर यांच्या देखरेखीखाली. प्रत्यक्ष कामाचा मोठा भार टेसा यांनी उचलला. पुढे दोघांनी इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडीकिल्ल्यावर उत्खनन केलं आणि तिथे काम शिकलेल्या विद्यार्थ्यांत हसमुख धीरजलाल सांकलिया होते. सांकलियांनी १९३९पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया घातला. व्हीलर स्वतः १९४४मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले. थर पाहून खोदायची, प्रत्येक थराची नोंद ठेवायची जी शिस्त आपल्याकडे नेवासे आणि इनामगावच्या उत्खननांत दिसते, तिचा एक धागा असा वेल्सच्या रोमन किल्ल्यापर्यंत जातो.

कार्लीअनच्या गोल भट्ट्या कायम राहिल्या नाहीत. पुढच्या काळात त्यांच्या जागी तटाच्या पाठीला दगडी चौकोनी स्वयंपाकघरं उभी राहिली. वेल्सचा पाऊस लक्षात घेतला तर ते ओघानेच आलं. उघड्यावर भिजणारा मातीचा घुमट पुन्हा पुन्हा लिंपावा लागतो आणि ओली भट्टी तापवायला दुप्पट जळण लागतं. प्रिस्ग फील्डमध्ये दोन्ही पिढ्यांची बांधकामं शेजारी शेजारी पाहता येतात.

किल्ला पक्का असतो, छावणी चालती. मोहिमेवरचं सैन्य मुक्काम करी तिथे खंदक खणून तंबू ठोके, आणि तिथेही पाव लागेच. अशा ठिकाणी दगडी भट्टी कुठली? जमिनीत खड्डा खणायचा, त्याच्या एका भिंतीत आडवं भुयार कोरायचं, त्यात आग पेटवायची आणि राख समोरच्या खड्ड्यात ओढायची. स्कॉटलंडच्या ईशान्येला किंटोर इथे सुमारे ४४ हेक्टरच्या छावणीत अशा शंभराहून अधिक भट्ट्या उत्खननात मिळाल्या. छावणी म्हणजे एका रात्रीचा मुक्काम, असा पूर्वी समज होता. पण एका रात्रीसाठी कुणी एवढ्या भट्ट्या खणेल का? काही भट्ट्यांसमोर राख थोडी, काहींसमोर पुष्कळ, म्हणजे काही पुन्हा पुन्हा पेटल्या होत्या. सैन्य इथे काही काळ थांबलं होतं, किंवा परत आलं होतं, हे त्या राखेनेच सांगितलं.

किंटोरच्या दक्षिणेला, अ‍ॅबर्डीन शहराच्या बाहेर, डी नदीच्या काठी मिलटिंबर आहे. शहराला वळसा घालणाऱ्या नव्या महामार्गाचं काम सुरू होण्याआधी तिथे तपासणीसाठी खोदलं तेव्हा पाव भाजायच्या ९० भट्ट्या निघाल्या. अ‍ॅग्रिकोला हा गव्हर्नर इ.स. ८३-८४मध्ये सैन्य घेऊन या भागात उतरला होता. त्याचा जावई, इतिहासकार टॅसिटस याने त्या मोहिमेचं वर्णन लिहून ठेवलं आहे, पण जागांची नावं फारशी दिलेली नाहीत. मिलटिंबरच्या भट्ट्या त्याच मोहिमेतल्या मानल्या जातात. तिथे छावणीचा तट किंवा खंदक मिळाला नाही. रोमन सैन्य इथे उतरलं होतं हे आपल्याला कळलं ते केवळ भाजलेल्या मातीच्या त्या ९० खड्ड्यांवरून.